खाचरं, कशिदा आणि विजेचं गणित

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विजेचं लाल-निळं चित्र उमटतं आणि पाहणारा खूश होतो. पण ते चित्र खरं की नुसतंच देखणं, हे ठरतं त्याच्याखाली अंथरलेल्या जाळीवरून. ही जाळी समजायला इंजिनीअर असायलाच हवं असं काही नाही. भाताची खाचरं आणि क्रॉस स्टिचचं कापड पाहिलेलं असलं की पुरे!

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बायकांना विजेचे उंच मनोरे काही नवे नाहीत. शेताच्या बांधावर, रेल्वे रुळांच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी ते पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं १९१५ साली. लोणावळा, वळवण, शिरवता या घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणायचं, त्यावर चक्रं फिरवायची आणि तयार झालेली वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईला पाठवायची, अशी ती योजना. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती आपल्या डोंगरातल्या पाण्यावर.

पावसाळ्यात अशा उच्चदाबाच्या तारांखालून जाताना ‘चर्रर्र’ असा आवाज ऐकू येतो. कोणी म्हणतं वीज गळतेय, कोणी म्हणतं तार तुटायला आलीय. प्रत्यक्षात होतं असं, की तारेला लटकलेल्या पाण्याच्या थेंबाला टोक येतं, त्या टोकाशी विजेचा ताण एकवटतो आणि तिथली चिमूटभर हवाच फुटते. तिचाच तो आवाज. म्हणजे तार तीच, वीज तीच. एका थेंबाने तारेचा आकार जरासा बदलला आणि परिणाम लगेच कानावर आला. विजेच्या दुनियेत आकाराला किती मोल आहे, ते यावरून कळावं.

पूर्वी असे प्रश्न कागदावर आकडेमोड करून आणि प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून सोडवत. आता तार, मनोरा, मोबाइल, मायक्रोवेव्ह, काहीही बनवण्याआधी त्याचा आभासी प्रयोग कॉम्प्युटरवर होतो. त्याला म्हणतात सिम्युलेशन. आपल्या गावातून लोकलने किंवा एसटीने इंजिनीअरिंग कॉलेजला जाणारी मुलगी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रात्री जागून करते, ते अनेकदा हेच काम असतं. आई चहाचा कप ठेवताना पडद्याकडे बघते. लाल, पिवळं, निळं, छान चित्र! गंमत अशी, की गणित चुकलेलं असलं तरीही चित्र तेवढंच छान येतं.

खाचरांची जाळी

विजेचा आणि चुंबकाचा प्रभाव हवेत, धातूत, आपल्या शरीरातही सलग पसरलेला असतो. सलग गोष्टीचा प्रत्येक बिंदू काही कॉम्प्युटरला मोजता येत नाही. म्हणून तो सगळ्या जागेचे लहान लहान तुकडे पाडतो. या तुकड्यांच्या जाळीला म्हणतात मेश.

डोंगरउतारावरची भाताची खाचरं डोळ्यांपुढे आणा. उतार तर सलग आहे, पण शेतकऱ्याने बांध घालून त्याच्या पायऱ्या केल्या आहेत. प्रत्येक खाचरातलं पाणी एकाच पातळीत उभं राहतं. उतार तीव्र असेल तिथे खाचरं अरुंद, सपाटी आली की ऐसपैस. तीव्र उतारावर कोणी अर्ध्या एकराचं एकच खाचर पाडायला गेलं तर एका टोकाला गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडी जमीन!

मेशचं शहाणपण अगदी हेच आहे. विजेचा प्रभाव जिथे झपाट्याने बदलतो तिथे बारीक तुकडे, जिथे सावकाश बदलतो तिथे मोठे. सगळीकडेच बारीक केले तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतो तो वेळ. तुकड्याची प्रत्येक बाजू निम्मी केली, की लांबी, रुंदी, उंची मिळून तुकडे आठपट होतात. लहरींच्या काही गणितांत वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम सोळापट. दुपारी लावलेलं एक तासाचं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी संपायचं!

या पद्धतीला इतिहासही आहे. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने त्रिकोणी तुकड्यांची युक्ती १९४३ मध्ये मांडली. केन यी यांनी विद्युतचुंबकीय लहरींसाठी चौकोनी ठोकळ्यांची पद्धत १९६६ मध्ये दिली. आजची महागडी सॉफ्टवेअर्सही अशाच पायांवर उभी आहेत.

मीटरभराचं खाचर

आता पुन्हा आपल्या मनोऱ्यांकडे येऊ. एक लाख व्होल्टच्या वाहिनीत एका तारेचा जमिनीच्या तुलनेत दाब सर्वोच्च क्षणी सुमारे ८२ हजार व्होल्ट असतो. तार जमिनीपासून १५ मीटर उंच आणि २ सेंटिमीटर जाड धरली, तर ढोबळ हिशेबाने तिच्या पृष्ठभागावर विजेचा ताण दर सेंटिमीटरला सुमारे १० हजार व्होल्ट भरतो. कोरडी हवा साधारण ३० हजारांपर्यंत तग धरते. म्हणजे ही तार निर्धोक.

हीच तार फक्त २ मिलिमीटर जाडीची घेतली तर? ताण जातो ८० हजारांवर. बारीक तारेजवळची हवा जरा जास्त सोसते हे खरं, पण ८० हजार तिलाही झेपत नाहीत. मग रात्रंदिवस चरचर आणि विजेची नासाडी. म्हणून मोठ्या वाहिन्यांच्या तारा जाड असतात आणि ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर तर एकेका तारेच्या जागी तारांचा जुडगा लावतात. तेवढी वीज वाहून न्यायला लागतेच, पण हवा शांत राहावी हेही त्यामागचं मोठं कारण आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने हेच गणित कॉम्प्युटरवर मांडलं. मनोरा मोठा, आजूबाजूची जागा मोठी, म्हणून तिने तुकडे पाडले मीटरमीटरचे. तारेला लागून असलेल्या तुकड्यात काय होईल? कॉम्प्युटर त्या मीटरभर अंतराची सरासरी काढेल आणि सांगेल, ताण दर सेंटिमीटरला जेमतेम ५०० व्होल्ट! खरा आकडा १० हजार. उत्तर वीसपटीने चुकलं आणि पडद्यावर एकही लाल खूण नाही. सगळा पट्टा शांत निळा. तारेजवळ मिलिमीटरचे तुकडे आणि पुढे सरकत गेल्यावर मोठे, असं केलं असतं तर हीच मुलगी बरोबर उत्तरावर पोचली असती, तेही त्याच कॉम्प्युटरवर.

कधीच न थांबणारं उत्तर

मग बारीक मेश म्हणजे नेहमी खरं उत्तर का? तसंही नाही, बरं का! इथे आकार आडवा येतो.

धातूची एक चौकोनी पेटी काढली, कोपरे अगदी धारदार काटकोनी. कोपऱ्यापाशी ताण मोजला. मेश बारीक केली, आकडा वाढला. आणखी बारीक केली, आणखी वाढला. पुन्हा केली, पुन्हा वाढला. हे थांबतच नाही. कारण गणितातला कोपरा पूर्ण टोकदार असतो आणि तशा टोकापाशी ताण खरोखरच अमर्याद निघतो. कॉम्प्युटर चुकत नाही, आपण त्याला जगात नसलेली वस्तू काढून दिलेली असते.

खऱ्या पेटीचा कोपरा थोडा तरी गोलसर असतोच. पातेल्याचा काठ दुमडून गोल केलेला असतो ना, तसा. तो अर्धा किंवा एक मिलिमीटरचा गोलवा चित्रात काढला की मेश बारीक करत जाताना आकडा एका जागी येऊन थांबतो. तोच कामाचा आकडा. उच्चदाबाच्या वाहिन्यांवर चिनी मातीच्या तबकड्यांच्या माळेशी धातूची गोल कडी बसवलेली दिसते. ती शोभेची नव्हे. टोकं झाकून ताण वाटून घेणं हे तिचं काम.

क्रॉस स्टिचची थाळी

ज्यांनी क्रॉस स्टिच केलंय त्यांना पुढची गोष्ट सांगायलाच नको. चौकटीच्या कापडावर गोल काढायचा तर काठ पायऱ्यापायऱ्यांचा येतो. बारीक कापड घेतलं की लांबून गोल दिसतो इतकंच.

यींच्या पद्धतीतले ठोकळे असेच. आता २८ सेंटिमीटर व्यासाची थाळी घ्या. तिच्या काठाला दोरा गुंडाळला तर तो ८८ सेंटिमीटर लागेल. हीच थाळी चौकटींवर काढली आणि पायऱ्यांच्या कडेने दोरा फिरवला, तर लागेल ११२ सेंटिमीटर. चौकटी कितीही बारीक करा, अगदी डोळ्यांना दिसू नयेत इतक्या करा, दोरा ११२ सेंटिमीटरच लागणार! कारण प्रत्येक पायरी तुम्हाला आडवं आणि उभं चालायला लावते. थाळीचं क्षेत्रफळ मात्र चौकटी बारीक होतील तसं बरोबर येत जातं.

म्हणजे एकाच चित्रातून एक उत्तर सुधारत जातं आणि दुसरं सुधारतच नाही. वीज धातूच्या पृष्ठभागावरून वाहते तेव्हा हा काठ महत्त्वाचा ठरतो. म्हणून अशा ठिकाणी तिरके काप घेणारे ठोकळे वापरतात, नाहीतर त्रिकोणी तुकड्यांची पद्धत. गोधडीत जुन्या लुगड्याचे तिरके तुकडे जोडून वळण साधतात, तसंच.

सपाट तुकड्यांनी वळण साधण्याचं एक भव्य उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या! डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली त्या उभ्या राहिल्या. थाळीला पत्रा नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे. पोलादी दोऱ्यांवर जाळीचे सपाट तुकडे ताणून परवलयाचा खोलगट आकार साधला आहे. जाळीची भोकं मधल्या भागात १० मिलिमीटरची, काठाकडे २० मिलिमीटरची. तिथे पकडायच्या लहरी लांबीला २१ सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या, म्हणून एवढी भोकं चालतात. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. किती काटेकोर राहायचं आणि कुठे सूट घ्यायची याचा असा नेमका हिशेब म्हणजेच चांगली इंजिनीअरिंग.

मायक्रोवेव्हमधला बटाटा

आता स्वयंपाकघरात या. मायक्रोवेव्हच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी दिसते. आतल्या लहरीची लांबी १२ सेंटिमीटर, भोक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं. त्यातून उजेड बाहेर येतो, लहर येत नाही.

पण ही १२ सेंटिमीटरची लहर बटाट्यात शिरली की आखडते. बटाट्यात पाणी भरपूर, त्यामुळे तिथे तिची लांबी उरते दीड-पावणेदोन सेंटिमीटर. नियम असा, की एका लहरीच्या लांबीत किमान दहा तुकडे तरी पडायला हवेत. म्हणजे हवेत १२ मिलिमीटरचे ठोकळे चालतील, बटाट्यात मात्र दीड मिलिमीटरचे हवेत. ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा ओव्हन धरला तर मोठ्या ठोकळ्यांनी तो साधारण दहा हजारांत भरतो. सगळीकडे बारीक घातले तर लागतात ५३ लाख! शहाणी मुलगी बटाट्यात बारीक आणि हवेत मोठे घालते.

ओव्हनमध्ये ऊब एकसारखी पसरत नाही. कुठे चटका, कुठे गारवा, म्हणून तर बशी फिरते. शितावरून भाताची परीक्षा ही चुलीवरच्या भाताला ठीक, इथे एका शितावर भरवसा नाही. गणितातही एका तुकड्याचा आकडा पाहून सगळ्याचा निकाल लावायचा नसतो.

काय ठेवायचं, काय गाळायचं

वस्तूचं कॉम्प्युटरवरचं चित्र कारखान्यातून येतं तेव्हा त्यात सगळं असतं. स्क्रूचे आटे, कंपनीचं कोरलेलं नाव, प्लॅस्टिकच्या खाचा. हे सगळं ठेवलं तर मेश उगाच फुगते. लहरीच्या मानाने फारच लहान असलेली आणि ताण नसलेल्या जागची नक्षी खुशाल गाळावी.

पण गाळताना डोकं जागेवर हवं. मायक्रोवेव्हच्या पायाचा स्क्रू गाळला तर काही अडत नाही. एक लाख व्होल्टच्या तारेवरच्या क्लॅम्पचा बोल्ट गाळला तर ज्या टोकाशी हवा फुटणार तेच चित्रातून गेलं. बोल्ट दोन्हीकडे तेवढाच, मोल वेगळं.

फटींचं असंच. दोन पत्रे चित्रात एकमेकांना लागलेले दिसतात, पण मोठं करून पाहिलं तर मध्ये केसाएवढी फट राहिलेली असते. ती लांबट असेल तर लहर तिथून निसटते. रुंदीपेक्षा लांबी घातक! उलट खऱ्या वस्तूत फट असून चित्रात ती बुजवली, तर कागदावर सगळं सुरक्षित दिसतं. म्हणून मायक्रोवेव्हचं दार वाकलं असेल, नीट बसत नसेल, तर ‘चालतंय की’ म्हणून वापरू नये. दुरुस्त करून घ्यावं.

नॉर्वेचा धडा

मेश चुकली तर होऊन होऊन काय होणार? २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या खाडीत स्लीपनर-ए या तेलविहिरीच्या तळाचा अजस्र काँक्रीटचा सांगाडा चाचणीसाठी बुडवत असताना भिंत फुटली आणि तो तळाला गेला. माणसं वाचली, पण नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचं. चौकशीत निघालं, की भिंती जिथे जुळतात त्या नाजूक जागी मेश नीट पाडली नव्हती. त्यामुळे तिथला कातर ताण ४७ टक्क्यांनी कमी दिसला आणि लोखंडही कमी घातलं गेलं. ते गणित विजेचं नव्हतं, काँक्रीटचं होतं. पण तुकड्यांची पद्धत हीच.

कानाला लावलेला मोबाइल

आपल्या रोजच्या आयुष्यात हा विषय येतो तो मोबाइलमधून. फोनच्या लहरींपैकी किती ऊर्जा शरीरात मुरते याला एसएआर म्हणतात. भारतात सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे किलोला १.६ वॅट, आणि ती मोजायची एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. एक ग्रॅम म्हणजे साधारण सेंटिमीटरभर बाजूचा ठोकळा. विक्रीआधीची तपासणी डोक्याच्या आकाराच्या साच्यात द्रव भरून, त्यात मोजणी करून होते. पण त्याच्या कितीतरी आधी डिझाइन करणारे सिम्युलेशनवर फोन घडवतात.

तिथे डोकं कसं काढलं याला महत्त्व आहे. नुसता गोळा काढला की कान असलेलं डोकं? त्वचा, हाड, मेंदू वेगळे दाखवले का? फोन कानापासून किती मिलिमीटरवर? हात काढला का? प्रत्येक निवडीने आकडा हलतो. एका बारीक तुकड्यातला सर्वात मोठा आकडा मेशबरोबर वरखाली होतो. एक ग्रॅमच्या सरासरीचा मात्र बराच स्थिर राहतो. सरासरी घेण्याचा हा मोठा फायदा. आपल्या फोनचा एसएआर पाहायचा असेल तर बऱ्याच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की तो दिसतो. आणि फोन डोक्यापासून थोडा दूर धरला, स्पीकर किंवा इअरफोन वापरला, की मुरणारी ऊर्जा झपाट्याने घटते.

मुलींनो, तुमच्यासाठी

‘अँटेना, विजेचे मनोरे ही कामं मुलींची नाहीत’ असं अजूनही ऐकू येतं. राजेश्वरी चटर्जी यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून १९५३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मायक्रोवेव्ह आणि अँटेना हा विषय शिकवायला घेतला. त्या काळात! त्यांच्यापाशी आजचे कॉम्प्युटर नव्हते. तुमच्यापाशी आहेत. एफईएमएम, जीमेश, ओपनईएमएस ही सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. एफईएमएममध्ये वर सांगितलेलं तारेचं गणित साध्या कॉम्प्युटरवरही करून पाहता येईल. आधी मीटरभराचे तुकडे, मग मिलिमीटरचे. उत्तर डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं, की पुन्हा कोणत्याही रंगीत चित्रावर आंधळा विश्वास बसणार नाही.

आणि आयांनो, लेक रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसली असेल तर तिला एवढंच विचारा: ‘जाळी बारीक करून पाहिलीस का गं? उत्तर थांबलं का?’ ती चमकून बघेल. प्रश्न मात्र अगदी बरोबर असेल.

चौकट : उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

* मेश दोन-तीनदा बारीक करून पाहावी. उत्तर एका जागी थांबलं तरच धरावं.
* उत्तर वाढतच चाललं तर आधी टोकदार कोपरे पाहावेत. खऱ्या वस्तूइतका गोलवा द्यावा.
* सर्वात बारीक तुकडे तारेजवळ, कडेशी, फटीत आणि पाणी असलेल्या पदार्थात घालावेत.
* भोवतालची हवेची पेटी फार जवळ आणू नये. पेटीच्या भिंतींचा परिणाम उत्तरात मिसळतो.
* वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल आणि वीजही दोन्हीकडे सारखीच पसरत असेल, तर अर्धीच काढावी. घडी घालून पताका कापतो, तशी. निम्मं काम वाचतं.
* एक साधं गणित हाताने करून ताडून पाहावं. कागद-पेन्सिल अजून निवृत्त झालेली नाही!